पावसाळ्यात रंधा मारू नका: जुनं फर्निचर नव्या घरात आणताना

आमच्या टेबलाच्या डाव्या खणावर वहीचा पुठ्ठा दुमडून सारता येईल एवढी फट आहे. ती मीच पाडली. बेळगावातल्या अनगोळच्या नव्या घरात आलो तेव्हा आषाढ लागला होता. कॅम्पातल्या (लष्करी वस्तीतल्या) एका बदली झालेल्या कुटुंबाकडून घेतलेलं सागवानी टेबल आणलं आणि आठच दिवसांत त्याचा खण घट्ट बसला. ओढून ओढून मूठ हातात आली. मी शेजारून रंधा मागून आणला, खणाच्या दोन्ही बाजूंच्या वरच्या कडा तासल्या, खण लोण्यासारखा सरकू लागला. स्वतःवर फार खूश झाले. फाल्गुनात बघते तर खण खुळखुळ्यासारखा हलतोय.

पॉलिशवाले मामा आले होते, त्यांनी खण आत-बाहेर करून बघितला आणि म्हणाले, "पाऊस पिऊन फुगल्यालं लाकूड तासलासा की हो ताई. आता ते वाळलं, मग काय राहणार?"

लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत वाढतं. हवेतला ओलावा घेतला की फळी लाकडाच्या रेषांना, म्हणजे धाग्यांना, आडवी फुगते. खणाच्या बाजूच्या फळीत रेषा आडव्या धावतात, म्हणून ती उंचीला वाढते आणि वरच्या कडेला अडकते. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत चादरीसुद्धा दमट लागतात, खानापूरकडे तर विचारूच नका, आणि मार्च-एप्रिलला तेच लाकूड कोरडं ठणठणीत होतं. म्हणून बेळगाव, खानापूर, निपाणी भागात जुनं फर्निचर दुरुस्त करायचं तर आधी कॅलेंडर बघा. शोधणं, धुणं, किडीचा बंदोबस्त ही कामं केव्हाही करा. तासणं, सांधे चिकटवणं आणि पॉलिश मात्र दिवाळीनंतर सुरू करून अक्षय तृतीयेच्या आत उरकायचं.

पावसात खण अडकलाच तर तो रिकामा करा, ज्या कडा घासतात त्यांवर मेणबत्ती नाहीतर कोरडा साबण चोळा, आणि कुठे घासतो तिथे पेन्सिलीने खूण करून ठेवा. खूण श्रावणात करायची, रंधा माघात मारायचा. तोही फक्त खुणेपुरता, आणि कागदाच्या जाडीचा एखादाच छिलका निघेल इतका हलका.

माल कुठे मिळतो

पहिली जागा म्हणजे आपलाच माळा. सासरी-माहेरी विचारून बघा, कुणाच्या तरी गोठ्यात आजोबांची खुर्ची कोंबड्यांखाली असते. दुसरी जागा कॅम्प. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र इथे असल्यामुळे बदल्या सतत चालू असतात आणि निघताना लोक जड सामान विकून टाकतात. तिसरी जागा म्हणजे पाडली जाणारी जुनी घरं. शहापूर, खडेबाजारच्या आतल्या गल्ल्या, निपाणीचे वाडे इथून निघालेले दरवाजे, खांब, तुळया वखारीत जातात. वखारीतून सागाची तुळई किंवा फळ्या घेतल्या तर पावती घ्याच. सागवानाच्या वाहतुकीवर वनखात्याची नजर असते, वाटेत कुणी विचारलं तर हातात कागद असलेला बरा.

वखारीतला माणूस कन्नड बोलणारा असला तर चार शब्द उपयोगी पडतात. साग म्हणजे तेग (सागवानी म्हटलं तरी कळतं), शिसव म्हणजे बीटी, ऐन म्हणजे मत्ती, बिबळा म्हणजे होन्नी. आणि "हुळ हत्तिल्ल" म्हणजे कीड लागलेली नाही. हे वाक्य प्रत्येक जण म्हणतो, त्यावर विश्वास न ठेवता पुढचा भाग वाचा.

घेण्याआधी उलटं करा

वस्तू समोरून बघून घेऊ नका. उलटी करा, खण बाहेर काढा, पाठ भिंतीकडून फिरवा. पॉलिश समोरून केलेलं असतं, खरं लाकूड खालून दिसतं. जवळ टॉर्च, एक खिळा, लोहचुंबक आणि जुनं वर्तमानपत्र ठेवा.

भरीव लाकूड की वरून चिकटवलेला पापुद्रा, हे ओळखायला फळीची कड बघा. वरच्या रेषा कडेवरून खाली वळून पुढे जात असतील तर लाकूड भरीव. कडेला वेगळी पट्टी किंवा थरावर थर दिसले तर प्लाय. कडेला भुस्सा दाबल्यासारखं दिसलं आणि कोपरा फुगलेला असेल तर नमस्कार करून निघा. दाबलेल्या भुश्शाचा बोर्ड एकदा पाण्याने फुगला की पुन्हा बसत नाही, आणि त्यात स्क्रूही धरत नाही. सागाची खात्री करायची तर खालच्या बाजूला नखाएवढी जागा खरवडा: सोनेरी तपकिरी रंग आणि किंचित तेलकट, चामड्यासारखा वास. शिसव काळपट आणि उचलताना कमरेला कळण्याइतकं जड.

आता कीड. टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं म्हणजे भुंगा. भोकं असणं वाईट नाही, ती दहा वर्षांपूर्वीची असू शकतात. भोकाखाली मैद्यासारखी बारीक पांढुरकी पूड ताजी पडते का, हा खरा प्रश्न. वर्तमानपत्र खाली ठेवून मुठीने दणके द्या. पूड पडली तर भाव पाडा किंवा सोडा. सागाच्या गाभ्याला भुंगा सहसा लागत नाही, कडेच्या पांढऱ्या भागाला लागतो. म्हणून खुर्चीच्या पायात पांढरा पट्टा दिसला तर तिथे जास्त निरखून बघा. वाळवीची खूण वेगळी असते: मातीच्या नळ्या, आणि खिळा टोचला की पुठ्ठ्यात गेल्यासारखा आत जातो. पलंग असेल तर सांध्यांत काळे बारीक ठिपके शोधा, ते ढेकणांचे असतात.

सांधे हलतात म्हणून वस्तू नाकारू नका. डुगडुगणारी खुर्ची ही सगळ्यात चांगली खरेदी असते, कारण विकणारा तिला मोडकी समजतो. रेषेला धरून गेलेली चीरही चिकटते. पाय सांध्याशी आडवा तुटला असेल तर मात्र ते सुताराचं काम, आणि त्याची मजुरी खुर्चीपेक्षा जास्त होते.

आणल्यावर लगेच घरात नेऊ नका

पहिले आठ-दहा दिवस वस्तू गच्चीवर किंवा व्हरांड्यात, सावलीत, खाली कागद घालून ठेवा. पूड पडते का ते कळतं आणि लाकूड आपल्या हवेला सरावतं.

कीड आहे असं कळलं तर तेलातलं लाकूड-संरक्षक औषध रंगाच्या दुकानातून आणा. हातमोजे आणि मास्क घाला, दारं-खिडक्या उघड्या ठेवा, मुलांना आणि मांजराला लांब पाठवा. सिरिंजने एकेका भोकात औषध सोडा. एका भोकात घातलेलं औषध दुसऱ्यातून बाहेर येतं, तेव्हा डोळे सांभाळा. मग न रंगवलेल्या सगळ्या बाजूंना ब्रशने दोन हात द्या, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आठवडाभर ठेवा, नंतर उघडून चांगलं वाळू द्या. भोकं मेणाने बुजवा. त्याचा फायदा असा की पुढच्या वर्षी नवं भोक पडलं तर ते ओळखू येतं.

धुणं, आणि मग ठरवणं

लोक वस्तू आणली की पॉलिश पेपर घेऊन बसतात. मला हे बघवत नाही. पन्नास वर्षांचा रंग, तो कुठून येणार परत? आधी कोमट पाण्यात थोडा सौम्य साबण किंवा रिठ्याचं पाणी घ्या, फडकं घट्ट पिळा, पुसा आणि लगेच कोरड्या फडक्याने टिपा. हाताच्या तेलाचा काळा थर राहिला तर टर्पेंटाइनच्या बोळ्याने निघतो. निम्म्या वस्तूंना याच्यापुढे काही करावं लागत नाही, वर एक हात पॉलिशचा पुरतो.

पुढे जायचंच असेल तर जुना थर कशाचा आहे ते तपासा. झाकलेल्या जागी स्पिरिटचा थेंब टाकून एक मिनिट थांबा. चिकट झालं तर लाखेचं पॉलिश आहे. तुम्ही नशीबवान, त्यावर नवीन लाख थेट बसते. स्पिरिटने काही झालं नाही पण थिनरने मऊ पडलं तर लॅकर. दोन्हींना दाद दिली नाही तर ऑइल पेंट नाहीतर पीयू (पॉलियुरेथेनचं टणक पॉलिश).

जुना ऑइल पेंट कोरडा घासू नका. भारतात घरगुती रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं किती ते तुम्हाला-मला कळणार नाही, आणि कोरड्या घासण्याची धूळ लहान मुलांना सगळ्यात घातक. पेंट रिमूव्हर लावून, फुगलेला थर पत्तीने काढा, उरलेलं वॉटर पेपर ओला करून घासा. कचरा कागदात गुंडाळून टाका. आणि सागाला कॉस्टिक सोडा लावू नका, लाकूड काळं पडतं.

सांधे

वस्तू सुटी करण्याआधी खडूने प्रत्येक तुकड्यावर आणि त्याच्या जोडीच्या खाचेवर एकच आकडा लिहा. चारही पाय सारखे दिसतात, पण प्रत्येक कुसू (खाचेत बसणारं टोक) आपल्याच खाचेला घासून बसलेलं असतं.

जुन्या वस्तूंना सरस (जनावरांच्या कातड्या-हाडांचा गोंद) असे. सरस कोमट पाण्याने मऊ पडतो: ओलं गरम फडकं सांध्यावर दहा मिनिटं ठेवा, लाकडी हातोडीने हलकं ठोका. सांधा सुटला की कुसवावरचा जुना सरस किंवा फेव्हिकॉल पूर्ण खरवडून काढा. जुन्या गोंदावर नवा गोंद धरत नाही. दुरुस्त केलेली खुर्ची सहा महिन्यांत पुन्हा हलते ती याच कारणाने. कुसू सैल असेल तर त्यावर लाकडाचा पातळ छिलका चिकटवून जाड करा, भोकात फेव्हिकॉल ओतून भरू नका.

शिकंजे नसले तरी अडत नाही. चारही पायांभोवती सुतळीचे दोन वेढे द्या, मधे काठी घालून पीळ द्या, पीळ घट्ट झाला की काठी आडव्या पट्टीला अडकवून ठेवा. सुतळीखाली कापड घाला, नाहीतर कड दबते. खुर्ची सपाट फरशीवर उभी करून चारही पाय टेकतात का बघा, आणि मग २४ तास तिला हात लावू नका. बिजागरीच्या स्क्रूचं भोक मोठं झालं असेल तर काड्यापेटीच्या काड्या फेव्हिकॉलमध्ये बुडवून ठोका, वाळल्यावर उरलेलं कापा, पुन्हा स्क्रू फिरवा.

पितळी कड्या-बिजागऱ्या असतील तर आधी लोहचुंबक लावा. चिकटलं तर आत लोखंड आहे, वर नुसता मुलामा, तो घासू नका. खरं पितळ चिंच आणि मिठाने घासा, धुऊन लगेच कोरडं करा.

पॉलिश

पॉलिश पेपर १२०, मग १८० किंवा २२०, शेवटी ३२०. ८० नंबर फक्त खडबडीत वखारीच्या लाकडाला. नेहमी रेषेच्या दिशेने. आडवा एक हात गेला तरी पॉलिशखाली ओरखडा उठून दिसतो. २२० झाल्यावर ओल्या फडक्याने एकदा पुसा, लाकडाचे बारीक केस उभे राहतात, ते वाळल्यावर ३२०ने काढा. छिद्रं भरायला मामा खडूची पावडर, पिवडी आणि थोडा गेरू पातळ पॉलिशमध्ये कालवून लांबी (छिद्रं बुजवायचा लगदा) करतात. रंग लाकडापेक्षा किंचित गडद ठेवतात, फिका ठेवला तर ती जागा पुढे कायम डोळ्यात खुपते.

फ्रेंच पॉलिश घरी करता येतं. १ लिटर स्पिरिटला साधारण १५० ग्रॅम चपडा लाख, काचेच्या बरणीत रात्रभर भिजत. लोखंडी डब्यात करू नका, काळं पडतं. सकाळी हलवून मलमलीतून गाळा. थोडंच करा, काही महिन्यांनी ते नीट वाळेनासं होतं. जवळ गॅस, समई, उदबत्ती काही नको, स्पिरिट भडकतं.

कापसाचा लिंबाएवढा बोळा मलमलच्या जुन्या फडक्यात बांधा. पॉलिश बोळ्यावर ओता, लाकडावर नाही. पिळून बघा, थेंब गळता कामा नये. बोळा फळीवर टेकवून थांबवायचा नाही: एका कडेने येऊन दुसऱ्या कडेने निघून जायचं, थांबलात की तिथे डाग. पहिले दोन हात लाकूड पिऊन टाकतं, घाबरू नका. दोन हातांत किमान दोन तास, मधे वापरून गुळगुळीत झालेल्या ३२०चा हलका हात. पाच-सहा हात झाले की चमक येते. बोळा अडखळू लागला तर त्यावर अळशीच्या तेलाचा एकच थेंब.

हे सगळं कोरड्या दिवशी, आणि थंडीतही सकाळी दहा-अकराच्या पुढे, धुकं गेल्यावर. दमट हवेत लाख वाळताना ओलावा धरून बसते आणि पॉलिशवर दुधाळ साय येते. आलीच तर कोरड्या दुपारी स्पिरिटने जेमतेम ओला केलेला बोळा फिरवा, जाते.

जेवणाच्या टेबलाला फ्रेंच पॉलिश करू नका. गरम कपाचं पांढरं कडं पडतं, सांडलेल्या पाण्याचे डाग राहतात. तिथे मेलामाइन किंवा पीयूच बरं, आणि ते स्प्रेवाल्याकडून करून घ्यावं. ज्यांना चमक नको त्यांनी डबल बॉइल्ड अळशीचं तेल टर्पेंटाइनमध्ये निम्मं-निम्मं करून चोळावं आणि वीस मिनिटांनी जादा तेल पुसावं. पण त्या फडक्यांचा गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. अळशीचं तेल वाळताना तापतं आणि गोळा झालेलं फडकं आपोआप पेटू शकतं. दोरीवर एकेक पसरून वाळवा, मग टाका.

लोखंडी कपाटाचं एवढंच: गंज तारेच्या ब्रशने आणि एमरी पेपरने काढा, रेड ऑक्साइड प्रायमर, वर इनॅमलचे दोन हात. पायांना रबरी बूट घाला, कारण कपाट गंजतं ते लादी पुसण्याच्या पाण्याने.

वेताची खुर्ची

वेत न तुटता नुसता खाली झोळ पडला असेल तर विणायला बसू नका. खुर्ची उलटी करा, गरम पाण्यात भिजवलेला पंचा खालच्या बाजूला अर्धा तास ठेवा, मग रात्रभर सावलीत वाळवा. वेत वाळताना आवळतो. मी हे केलं तेव्हा सकाळी बोटाने टिचकी मारली तर हलगीसारखा आवाज आला.

तुटला असेल तर जुना वेत कापण्याआधी फोटो काढा. चौकटीची भोकं टोच्याने साफ करा. वेताच्या पट्ट्या वीस मिनिटं पाण्यात, गुळगुळीत बाजू वर. मधल्या भोकापासून सुरुवात. सहा फेऱ्या असतात: पुढून मागे, डावीकडून उजवीकडे, पुन्हा पुढून मागे, मग चौथी फेरी एक सोडून एक वर-खाली विणत, आणि शेवटच्या दोन तिरक्या. दर भोकात बांबूची छोटी खुंटी ठोकून पट्टी धरून ठेवा. पहिल्या तीन फेऱ्या फार ताणू नका, तिरक्या फेऱ्यांना जागा उरत नाही. मी ताणल्या, आणि पाचव्या फेरीला अख्खी रविवार दुपार वेत मोडण्यात गेली.

भिंती आणि कोपरे

सजावट विकत घेण्याआधी आजूबाजूला बघा. शहापूर-वडगावच्या मागांवरची जुनी साडी विरली तरी काठ आणि पदर धड असतात. लाल रंग आधी तपासा: ओलं पांढरं कापड दाबून धरा, गुलाबी झालं तर ती साडी धुवायच्या वस्तूंत वापरू नका. पदराची चौकट करायची तर मागे धुतलेलं मांजरपाट घ्या आणि त्यावर पदर टाके घालून बसवा. गोंद लावलात तर दोन-चार वर्षांत पिवळे डाग येतात. काच कापडाला टेकू नये म्हणून कडेला पातळ पट्टी ठेवा, आणि चौकट पश्चिमेच्या उन्हात लावू नका.

उरलेल्या सुती साड्यांची वाकळ. आमच्याकडे चार पदर घालून सरळ धावदोरा घालतात. खानापूरच्या जंगलपट्ट्यापासून हल्याळ-यल्लापूरपर्यंत राहणाऱ्या सिद्दी बायका कवंदी शिवतात, ती कोपऱ्यातून सुरू होऊन कडेकडेने फिरत मध्याकडे जाते, आणि कोपऱ्यांवर कापडाच्या घडीची फुलं लावल्याशिवाय पूर्ण मानत नाहीत. दिवाणावर वाकळ टाकली की महागडं कव्हर लागत नाही.

बुरुडाकडची रोळी (तांदूळ धुवायची बांबूची टोपली) उलटी टांगून दिव्याची टोपी होते. एलईडी दिवाच लावा, ७ ते ९ वॉट, बांबूला न टेकता. नव्या बांबूत पिष्ट असतं, म्हणून भुंगा त्यावर तुटून पडतो. १ लिटर कोमट पाण्यात ३० ग्रॅम बोरॅक्स आणि २० ग्रॅम बोरिक पावडर विरघळवून दोनदा ब्रशने लावा आणि सावलीत वाळवा.

मातीची भांडी खानापूरची. तिथल्या मातीमुळेच केंद्रीय ग्रामीण कुंभारकला संस्था त्या गावी आहे. मातीच्या कुंडीतून पाणी पाझरतं, तेव्हा ती पॉलिश केलेल्या टेबलावर थेट ठेवू नका, खाली बशी हवीच. गोकाकची रंगीत फळं आमच्या शोकेसमध्ये आहेत. सासूबाईंनी पाहुण्यांच्या मुलाला त्यातला एक आंबा खायला दिला होता, इतकी हुबेहूब.

राहिला तो खण. मार्गशीर्षात मामा कडांवर सागाची पट्टी चिकटवून देणार आहेत, मग मी नाही, तेच तासणार. तोवर खण जपून ओढायचा, नाहीतर तो सरळ बाहेर येऊन पायावर पडतो.